बावीस काचा परत

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर जेवण नव्हतं, काच होती. थोरल्याने ती स्वतः तळमजल्यावरच्या कारखान्यातून उचलून आणली, खाली जुनी चादर अंथरली आणि तापाने फणफणलेल्या पोराला निजवावं तशी अलगद ठेवली. व्हॅनच्या मागच्या दाराची काच होती ती. तिच्यावर आडव्या बारा रेघा, प्रत्येक शिवणाच्या दोऱ्याएवढी. दोन्ही कडांना रुंद पट्ट्या आणि कोपऱ्यांत वायर जोडायची पितळी टोकं. एका कोपऱ्यावर लाल खडूने ‘परत’ असं लिहिलेलं होतं. त्या एका शब्दाने घरातल्या पाचही जणांची भूक मारली होती.

“अरे, पण जेवायचं कुठे?” वहिनींनी स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

“आधी हे, मग जेवण,” थोरला म्हणाला.

“सगळं गार होईल.”

“होऊ दे, आई.”

आत्या खिडकीपाशी बसली होती. या घरात तिची खुर्ची ठरलेली होती आणि कारखान्यातलं तपासणीचं टेबलही. कारखान्यातले चाळीस जण तिला आत्याच म्हणत. कोरी काच घेऊन येणारे ट्रकवाले म्हणत, पितळी टोकं पाठवणारा फोनवर म्हणे, आणि एकदा तर बँकेच्या साहेबांच्या तोंडूनही ते निसटलं होतं. दादा, म्हणजे तिचा भाऊ आणि या दोन पोरांचा बाप, जाऊन चार वर्षं झाली, पण आत्याच्या टेबलावरून गेल्याशिवाय एकही काच बाहेर पडायची नाही, हा दादाचा नियम कुणी मोडला नव्हता. म्हणजे आजवर गेलेल्या प्रत्येक काचेवर तिची नजर पडली होती. या काचेवरही.

थोरल्याने पत्र उघडलं. सगळ्यांनी ते शुक्रवारीच वाचलं होतं, पण थोरल्याला कागद मोठ्याने वाचल्याशिवाय चैन पडत नसे. व्हॅन बांधणाऱ्या कंपनीने लिहिलं होतं की दोन महिन्यांत बावीस गाड्यांच्या मागच्या काचेवरची एखादी रेघ बंद पडली. बटण दाबलं की बाकीच्या रेघा तापतात, काचेवरचं धुकं विरतं, पण एक पट्टा तसाच पांढरा राहतो. बुधवारपर्यंत कारण कळवा. नाहीतर पुढच्या वर्षीचं काम दुसरीकडे जाईल, आणि अँब्युलन्सच्या काचांचं जे नवं काम ठरत आलं आहे तेही.

“बावीसच्या बावीस दुसऱ्या पाळीच्या,” थोरला पत्राची घडी करत म्हणाला. “शिक्का आहे प्रत्येकीवर.”

दुसरी पाळी धाकट्याची. तो टेबलाच्या पलीकडे हाताची घडी घालून उभा होता. दुपारी दोनला पहिली पाळी सुटली की तो छपाईवर आणि भट्टीवर उभा राही आणि शेवटची काच थंड झाल्याशिवाय घरी येत नसे. एकतीस वर्षांचा गडी, पण आत्याला तो अजून तिच्या खांद्यावर झोपलेलाच दिसे. त्याच्या जन्मानंतर वहिनी दोन वर्षं आजारी होत्या. ते पोर आत्यानेच वाढवलं होतं, आणि नंतर ते वहिनींना परत देताना तिला फार जड गेलं होतं. वहिनींना ते ठाऊक होतं. त्यावर दोघी कधी बोलल्या नव्हत्या.

“एकदा सगळ्यांसमोर बघू,” धाकटा म्हणाला. त्याने बॅटरीच्या वायरी टोकांना लावल्या. सूनबाईने, म्हणजे थोरल्याच्या बायकोने, उकळती किटली आणली आणि काचेवर वाफ सोडली. बघता बघता काच दुधासारखी झाली. मग एकेका रेघेभोवतीची वाफ विरत गेली. अकरा रेघा स्वच्छ झाल्या. वरून पाचवी मात्र या टोकापासून त्या टोकापर्यंत तशीच पांढरी राहिली.

“भट्टी,” थोरला म्हणाला. “तू काच नेणारा पट्टा जोरात पळवतोस. रेघ नीट भाजली जात नाही.”

“पट्ट्याचा वेग तोच आहे जो सकाळी असतो. रोज लिहून ठेवतो.”

“मग सकाळच्या काचा परत का येत नाहीत? काच तीच. रेघांची चांदीची पेस्ट तीच. टोकं तीच. वेगळा आहेस तो फक्त तू.”

“अहो, असं काय बोलता!” सूनबाईने किटली खाली ठेवली.

“तू मध्ये पडू नकोस.”

“पडणार. पॅकिंग माझ्याकडे आहे, तर माझंही नाव घ्या ना. पोरी काचा पुसून खोक्यात भरतात. कदाचित पुसतानाच काही होत असेल.”

“भाजलेली चांदी पुसून जात नाही गं. घासणीने घासलीस तरी नाही जात.”

वहिनी आतापर्यंत दाराला टेकून ऐकत होत्या. दोन मुलांमधलं भांडण मिटवायची त्यांची एकच पद्धत होती, धाकट्याला नमवायचं. “तू म्हण ना, चुकलं म्हणून,” त्या म्हणाल्या. “मोठा भाऊ आहे तो. विषय संपेल.”

“जे चुकलं नाही त्याला चुकलं कसं म्हणू, आई?”

“आणि हे बघ,” थोरल्याने रजिस्टर पुढे सरकवलं. “मला खरं हे खटकतंय. पहिल्या पाळीत आठवड्याला दोन-तीन काचा रिजेक्ट होतात. ते ठीक आहे, माणसं आहेत. दुसऱ्या पाळीत थंडीच्या पहिल्या आठवड्यात सहा. आणि मी बोललो, त्यानंतर आजपर्यंत शून्य. तीन महिने शून्य! अरे, आपल्या बाबांनासुद्धा शून्य जमलं नव्हतं.”

धाकट्याच्या चेहऱ्यावर काहीतरी सैल झालं. “मी त्यानंतर जिवाचं रान केलंय, भाऊ. रोज छपाईची जाळी स्वतः धुतो. शून्य आलं ते काही आपोआप आलं नाही.” त्याने खिडकीकडे पाहिलं. “आत्याला विचार. रोज सकाळी माझ्या काचा तीच बघते.”

सगळे आत्याकडे वळले. तिच्या हातातल्या कपातला चहा केव्हाच गार झाला होता.

“बघते,” आत्या म्हणाली.

तिला काच टेबलावर ठेवल्याक्षणीच कळलं होतं. पाचव्या रेघेवर, डाव्या कडेपासून वीतभर अंतरावर, नखाएवढा एक करडा डाग उरला होता. बाकी कुणाला तो धुळीचा वाटला असता. आत्याने तो ओळखला, कारण तो तिच्या हातचा होता.

कारखाना उभा राहायच्या आधी दादा आणि ती एका डब्यात चांदीचा रंग, चार बारीक ब्रश आणि वॉर्निशची बाटली घेऊन बसच्या आगारांत फिरत. बसच्या मागच्या काचेची रेघ तुटली की पूर्ण काच बदलायला कुणी तयार नसे. दादा वायर लावून तुटलेली जागा शोधी आणि आत्या ब्रशने ती सांधी. तिचा हात असा होता की सांधा कुठे आहे हे दादालाही सापडत नसे. त्यावर वॉर्निशचा एक हात, की दोन-तीन हिवाळे चिंता नाही. त्या ब्रशवर या घराच्या पहिल्या खोलीचं भाडं निघालं होतं. नव्या काचांचं काम सुरू झालं तेव्हा गिऱ्हाइकाच्या कागदावर स्पष्ट लिहून आलं की नव्या काचेवर हाताने दुरुस्ती चालणार नाही. दादाने ब्रश धुऊन डब्यात ठेवले. आत्याने तो डबा जपून ठेवला.

थंडीच्या त्या पहिल्या आठवड्यात थोरल्याने धाकट्याला सगळ्या कामगारांसमोर झापलं होतं. असंच चाललं तर बाहेरचा माणूस आणीन म्हणाला होता. धाकटा दोन दिवस घरात कुणाशी बोलला नाही, ताटावरून उठून गेला. एका मोठ्या काच कंपनीने त्याला बोलावलंय, लांबच्या शहरात, हे आत्याला तेव्हाच कळलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ती नेहमीसारखी सगळ्यांच्या आधी टेबलावर आली, तर त्याच्या पाळीच्या ढिगातली पहिलीच काच तुटक्या रेघेची. फट केसाएवढी. आत्याने रिजेक्टची लाल चिठ्ठी उचलली, खाली ठेवली आणि डबा आणायला गेली. एकच, असं तिने स्वतःला बजावलं. दुसऱ्या दिवशी आणखी एकच निघाली. नंतर तिने बजावणं सोडून दिलं.

“आत्या?” धाकटा म्हणाला. “सांग ना याला.”

“मग ठरलं,” थोरला रजिस्टर बंद करत होता. “उद्यापासून भट्टीवर बाहेरचा माणूस. कंपनीने एक नाव सुचवलंय. तू ऑफिसात माझ्याबरोबर बस काही दिवस.”

“ऑफिसात कशाला बसू? मी जातो ना. मला बोलावणं आहे.”

“जा की मग!”

“अरे देवा,” वहिनी म्हणाल्या आणि मटकन खुर्चीत बसल्या.

आत्या उठली. तिने टेबलाची कड धरली आणि काचेवर वाकून त्या करड्या डागावर नख ठेवलं.

“भट्टीचं काही नाही,” ती म्हणाली. “हे मी केलंय.”

थोरला हसला. “आत्या, त्याला वाचवायला काहीही बोलू नकोस हं.”

“इकडे ये. नख फिरव. भाजलेली रेघ नखाला लागत नाही, आणि इथे लागते. हा रंग आहे, वरून दिलेला. मी तुटलेली रेघ ब्रशने जोडली. टेबलावर वीज सोडली की जाते, वाफ विरते, काच पास होते. पुढे गाडीवाला थंडीत फडकं मारतो, आणि चार-सहा वेळा पुसल्यावर रंग निघून जातो.”

थोरल्याने नख फिरवलं. मग बोट फिरवलं. त्याचं हसू मावळलं.

“पण तुझे जोड तर वर्षानुवर्षं टिकायचे,” तो म्हणाला. “बाबा सांगायचे.”

“वॉर्निश लावल्यावर टिकायचे. वॉर्निश चमकतं. तुम्हाला दिसलं असतं.” आत्याने मान खाली घातली. “म्हणून लावलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही रे. कळत होतं.”

“वन्सं!” वहिनी एवढंच म्हणाल्या.

आत्याला धाकट्याकडे बघायचा धीर होईना. तिला वाटलं होतं, तो सुटेल, त्याच्या माथ्यावरचं ओझं उतरेल. निदान एकदा मान वर करून भावाकडे बघेल.

“किती?” त्याने विचारलं.

“मोजल्या नाहीत.”

“अंदाजे.”

“रोज एखादी. कधी दोन. कधी तीन.”

“म्हणजे ते शून्य खोटं.” तो हळू बोलत होता, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट होतं. “रोज माझ्या रेघा तुटत होत्या आणि मी घरी येऊन शांत झोपत होतो. वाटायचं, जमलं आपल्याला. आत्या, तू मला सांगितलं असतंस तर मी शोधलं असतं. एका आठवड्यात शोधलं असतं. भावाला वाटलं मला जमत नाही, ते ठीक आहे, तो बोलून मोकळा तरी झाला. तुलाही तेच वाटलं, आणि तू मला बोललीसुद्धा नाहीस.”

“तसं नाही रे...”

“तसंच आहे.” त्याने खुंटीवरचं जाकीट ओढलं आणि जिना उतरून गेला.

खालचं दार आपटल्याचा आवाज आला. आत्या उभीच राहिली. साठ वर्षांत तिला कुणी इतकं लागेल असं बोललं नव्हतं, आणि त्यातला एकही शब्द तिला खोडता येत नव्हता.

सूनबाईने तिला खुर्चीत बसवलं आणि पाणी दिलं. थोरला रागावणार म्हणून सगळे थांबले होते, पण तो काचेकडेच बघत होता. “मग रेघा तुटत का होत्या?” तो स्वतःशीच म्हणाला. “वेग तोच, जाळी धुतलेली. याला काम येतं, हे मलाही ठाऊक आहे. मग तुटत का होत्या?”

“आता आठवलं का, त्याला काम येतं ते?” सूनबाई म्हणाली.

“टोमणे नंतर मार गं.”

अर्ध्या तासाने जिन्यावर पावलं वाजली. धाकटा आला. त्याच्या हातात पेस्टचा डबा होता आणि कोपरापर्यंत करडे डाग. त्याने डबा काचेशेजारी ठेवला आणि त्यात लाकडी पट्टी उभी केली. पट्टी उभी राहिली.

“शनिवारी सकाळी उघडलेला,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “सकाळी मधासारखी असते. मी दोन वाजता येतो तेव्हा झाकण सहा-सात तास उघडं असतं. वरवर बघून कळत नाही, पण जाळीच्या बारीक भोकांत सुकून बसते आणि मधेच रेघ सुटते. जुन्या पेस्टचं असं कधी झालं नाही. नवी पेस्ट कधीपासून आली?”

थोरल्याने रजिस्टर पुन्हा जवळ ओढलं.

“थंडीच्या सुरुवातीला,” सूनबाई म्हणाली. “चांदी महाग झाली तेव्हा यांनी नवा माल बघितला. पहिल्या खोक्यात एक कागद होता. मी यांच्या टेबलावर ठेवला होता.”

ती ऑफिसात जाऊन फाइल घेऊन आली आणि उभ्या उभ्याच वाचू लागली. डबा उघडल्यावर चार तासांत संपवावा. न संपल्यास सोबतचं पातळ करायचं द्रव्य घालून ढवळावा. “सोबतचं द्रव्य म्हणजे त्या निळ्या बाटल्या,” ती म्हणाली. “स्टोअरमध्ये मांडून ठेवल्यात. त्या कशाच्या, ते कुणाला ठाऊक नव्हतं.”

थोरला खाली बसला. त्याच्यासारख्या टापटिपीच्या माणसाचा चेहरा असा पडलेला आत्याने फक्त दादा गेला त्या दिवशी पाहिला होता. “कागद मीच फाइलला लावला,” तो म्हणाला. “वाचला नाही. भाव बघितला, आणि वाटलं काम झालं.” मग भावाकडे न बघताच म्हणाला, “आणि तुला सगळ्यांसमोर बोललो. तेही मीच.”

शेवटी वहिनी पदराने डोळे पुसत उठल्या. “चला,” त्या म्हणाल्या, “आता माझंच काय ते कबूल करायचं राहिलंय. भाजी करपलीय.”

सूनबाई फिसकन हसली. थोरल्यालाही हसू आवरलं नाही, आणि हसता हसता त्याने नाक पुसलं. धाकटा मात्र हसला नाही.

“बुधवारी काय लिहायचं?” थोरला म्हणाला. “जाळीत दोष होता, सुधारला, एवढं लिहिलं तर चालेल. तेही खरंच आहे.”

“अर्धं,” आत्या म्हणाली. “त्यांच्या गोदामात आपल्या काचा पडल्यात ना? त्यातल्या किती मी जोडलेल्या, ते त्यांना कसं कळणार? वीज सोडली तर सगळ्या पास होतील. मग त्या गाड्यांवर चढतील.”

“मग काय, सगळ्याच परत बोलावू?”

“मला घेऊन चल. माझा हात मी ओळखते.”

थोरल्याने पत्र खिशात घातलं. “ठीक आहे. उद्याच जाऊ आणि सगळं सांगू. पण आत्या, उद्यापासून तपासणीच्या टेबलावर दुसरं कुणीतरी बसेल. मला पर्याय नाही गं.”

“बरोबर आहे,” आत्या म्हणाली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त दुखलं.

“आणि दुसरी पाळी तुझीच,” थोरला भावाला म्हणाला. “राहणार असशील तर.”

धाकटा डबा उचलून परत खाली गेला.

सोमवारी सकाळी तिघं व्हॅन कंपनीच्या गोदामात पोचली. गाडी धाकट्याने चालवली आणि वाटेत तो एक शब्द बोलला नाही. गोदाम म्हणजे पत्र्याखालचं मैदानच होतं. उंच मांडण्यांवर टायर, आरसे, सीट, वायरींची भेंडोळी. गावोगावच्या लहानमोठ्या कारखान्यांतून आलेला माल एकमेकांशेजारी गुपचूप बसलेला. त्यांच्या काचा सहाव्या रांगेत होत्या, लाकडी चौकटींत उभ्या लावलेल्या. दुसऱ्या पाळीच्या एकशे शहाऐंशी.

कंपनीच्या तपासनीस बाई हातमोजे घालून आल्या. कामाशी काम, उगाच हसणं नाही. थोरल्याने त्यांना पेस्टचं सांगितलं, कागदाचं सांगितलं आणि ब्रशपाशी येऊन अडखळला.

“काही काचांवर हाताने दुरुस्ती... आमच्या एका जुन्या कर्मचाऱ्याकडून...”

“माझ्याकडून,” आत्या म्हणाली. “मी यांची आत्या. याच्या पाळीत रेघा तुटत होत्या. त्याला बोलणी बसू नयेत म्हणून मी त्या चोरून जोडल्या.”

बाईंनी तिच्याकडे नीट बघितलं. “कागदावर मनाई लिहिलेली होती.”

“होती. मला पाठ आहे ती.”

“वेगळ्या काढता येतील तुम्हाला? मशीन सगळ्याच पास करतंय.”

“येतील.”

“मग काढा. कारण सांगायला लोक इथे कागद पाठवतात. माणसं कुणी आणत नाही.” बाईंनी लाल चिठ्ठ्यांची गुंडाळी आत्याच्या हातात दिली. “अँब्युलन्सच्या कामाचं मात्र मी आज काही सांगू शकत नाही. आधी हा ढीग तपासून होऊ दे.” त्या थोरल्याला घेऊन ऑफिसकडे गेल्या.

मग ती दोघंच उरली. धाकटा चौकटीतून काच काढी, उजेडाकडे तिरकी धरी, आणि आत्या वरून खाली बारा रेघांवर नख फिरवी. चांगली असेल तर मान हलवी. जोडलेली असेल तर चिठ्ठी लावी. विसाव्या काचेपर्यंत चार चिठ्ठ्या लागल्या. साठाव्यापर्यंत पंधरा. तिचा हात खरोखरच सुरेख होता. एकेका जोडापाशी तिला तो करताना केलेली काळजी आठवे, श्वास कसा रोखला होता तेही, आणि मग ती त्यावर चिठ्ठी चिकटवे. धाकटा दर वेळी ती चिठ्ठी बघे आणि काच बाजूच्या लाकडी घोड्यावर टेकवून ठेवी. मोजणी तोच करत होता, मनातल्या मनात. ओठ हलताना तिला दिसत होते.

दुपारपर्यंत एकसष्ट चिठ्ठ्या लागल्या. आत्याची पाठ भरून आली होती. त्याने कुठूनतरी स्टूल आणून तिच्यामागे ठेवलं. ती बसली. तेवढ्यानेही तिला बरं वाटलं.

शेवटच्या चौकटीत दहा-बारा काचा राहिल्या होत्या. त्यांतली एक तिने दोनदा तपासली. ब्रश कुठे लागलेला नव्हता. रेघ तुटलेलीही नव्हती. पण आठवी रेघ एका जागी बारीक झाली होती, केसाएवढी, जेमतेम धरून होती. इथे रेघ जास्त तापणार. आज पास होईल, दोन हिवाळ्यांनी जाईल. तिच्या टेबलावरून ही कशी सुटली? तेव्हा तिचं सगळं लक्ष तुटलेल्यांवर होतं.

धाकट्यालाही ती जागा दिसली होती.

“ही चालेल,” तो म्हणाला. सकाळपासूनचे त्याचे हे पहिले शब्द. “तुटलेली नाही. तुझा हातही नाही लागलेला. मशीन पास करतंय.”

आत्याने ती जागा पुन्हा नखाने चाचपली.

“एकसष्ट पुरे झाल्या की, आत्या. माझ्या हातची आहे ही. तुझा ब्रश नसलेली. सोड ना हिला.”

तिने मान वर केली. तो तिच्याकडेच बघत होता. लहानपणी पडल्यावर रडायचं की नाही हे ठरवायला तिच्या तोंडाकडे बघे, अगदी तसा. आणि ती त्याला नेहमी म्हणे, काही नाही लागलं, ऊठ. लागलेलं असलं तरी.

आत्याने गुंडाळीतून चिठ्ठी फाडली.

“तुझ्या बापाने आणून दिली असती ना,” ती म्हणाली, “तरी नाही.” आणि आठव्या रेघेवर चिठ्ठी चिकटवून वरून अंगठा दाबला.

धाकटा हसला, मोठ्याने, इतकं की दोन रांगा पलीकडचा टायर मोजणारा माणूस मान वाकडी करून बघायला लागला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. काच दोन्ही हातांत असल्यामुळे त्याला ते पुसताही येईनात. ते आत्यानेच पुसले.

“हे असं बोलायचं माझ्याशी,” तो म्हणाला. “तोंडावर. उद्यापासून रोज सकाळी माझ्या काचा तूच बघायच्यास, आणि हे असंच सांगायचंस.”

“भाऊ टेबलावर बसू देणार नाही मला.”

“भावाचं मी बघतो.”

“आणि तू?” आत्याने विचारलं. रविवारपासून तोंडाशी येऊन अडकलेला प्रश्न होता तो. “तुला सांगायला तू इथे असायला हवास.”

त्याने काच घोड्यावर ठेवली, बासष्ट म्हणून मोजली आणि पुढची उचलायला वाकला.

“मी कुठे जातोय?” तो म्हणाला.